बोस्टनहून फिलाडेल्फियाला बिऱ्हाड हलवताना: १७९६ सालच्या मित्रासाठी सविस्तर सल्ला

समजा, १७९६ चा एप्रिल आहे. तुमचा एक मित्र बोस्टनच्या छापखान्यात जुळारी आहे, म्हणजे शिशाचे खिळे जुळवून मजकूर उभा करणारा. घरी बायको आणि दोन मुलं. फिलाडेल्फियात काम जास्त आहे आणि मजुरी बरी मिळते, असं त्याच्या कानावर आलंय. तो विचारतोय: जाऊ का? आणि गेलो तर कसा जाऊ?

जुन्या अमेरिकेबद्दल वाचताना आपण लढाया, राज्यघटना आणि राष्ट्राध्यक्ष यांच्यापाशीच थांबतो. एका साध्या कुटुंबाचं बिऱ्हाड एका शहरातून दुसऱ्या शहरात नेऊन पाहिलं, तर तो देश रोजच्या रोज कसा चालत होता ते कळतं. पैसा कसा फिरायचा, परक्या गावात ओळख कशी पटायची, आजाराला लोक किती भ्यायचे, हे सगळं त्यात येतं. म्हणून हा सल्ला थेट त्या मित्रालाच दिला आहे. त्या वेळी माहीत असलेल्या गोष्टींवरच तो उभा आहे. आजचं ज्ञान मध्ये आणलं असेल तिथे तसं सांगितलं आहे.

जायचं का, हे आधी ठरव

१७९० च्या जनगणनेत बोस्टनची वस्ती १८ हजारांच्या थोडी वर होती. फिलाडेल्फिया शहरात २८,५२२ माणसं होती, आणि नॉर्दर्न लिबर्टीज व साउथवार्क ही लगतची उपनगरं धरली तर आकडा ४४ हजारांवर जातो. डिसेंबर १७९० पासून काँग्रेस तिथेच भरते. विधेयकं, कायदे, अहवाल, बँकेच्या पावत्या, विमा कंपनीचे कागद, वर्तमानपत्रं, या सगळ्याला खिळे जुळवणारे हात लागतात. तिथले कारागीर आपली किंमतही जाणतात. १७८६ मध्ये छापखान्यांतल्या जुळाऱ्यांनी आठवड्याला ६ डॉलरच्या खाली काम करणार नाही म्हणून संप केला होता. तुझ्या धंद्याला ते गाव चांगलं आहे, याबद्दल मला शंका नाही.

पण दोन गोष्टी नीट मनात घे. पहिली, राजधानी तिथे कायम राहणार नाही. १७९० च्या कायद्यानेच ठरलंय की १८०० मध्ये सरकार पोटोमॅक नदीकाठच्या नव्या शहरात जाणार. म्हणजे सरकारी छपाईचा भर तुला जेमतेम चार वर्षं मिळेल. दुसरी गोष्ट मुलांची. बोस्टनमध्ये गावाच्या करातून चालणाऱ्या शाळा आहेत आणि १७८९ पासून मुलींनाही वर्षातले काही महिने तिथे शिकता येतं. फिलाडेल्फियात तशी सोय नाही. तिथे चर्चच्या, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या किंवा खासगी शाळा आहेत. फीचा हिशेब आजच मांड, नाहीतर वाढलेली मजुरी तिथेच जाईल.

मग न्यूयॉर्क का नको? ते गावही झपाट्याने वाढतंय आणि तिथेही छापखाने आहेत. तरी आत्ता तुझ्यासाठी मी फिलाडेल्फियाच म्हणेन. यंदा शरदात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक आहे आणि वॉशिंग्टन पुन्हा उभे राहणार की नाही, याची चर्चा गावोगाव आहे. दोन्ही पक्षांची मोठी वर्तमानपत्रं फिलाडेल्फियातच निघतात.

कधी जायचं, याला सगळ्यात जास्त वजन दे

लोक वाट, गाडी, भाडं यांचा विचार आधी करतात. तू आधी महिना ठरव. या एका गोष्टीवर काम, घरभाडं, जळण आणि जीव, सगळं अवलंबून आहे.

१७९३ च्या ऑगस्टमध्ये फिलाडेल्फियात पीतज्वर सुरू झाला आणि थंडी पडेपर्यंत सुमारे पाच हजार माणसं गेली. जवळजवळ वीस हजार लोक गाव सोडून पळाले. सरकारही पांगलं, आणि वॉशिंग्टन यांनी नोव्हेंबरात जर्मनटाउनमधून कारभार पाहिला. कारण काय, यावर डॉक्टरांचं एकमत नाही. बेंजामिन रश म्हणतात धक्क्यावर सडलेल्या कॉफीची दुर्गंधी, दुसरे म्हणतात वेस्ट इंडीजमधून आलेली जहाजं. एक गोष्ट मात्र सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली: पहिलं कडक दहिवर, म्हणजे गोठलेलं दव, पडलं की साथ ओसरते. गेल्या वर्षी न्यूयॉर्कलाही हाच ताप आला होता. तेव्हा जुलै ते ऑक्टोबर या काळात नवख्या माणसाने त्या गावात पाऊल ठेवू नये.

उरतात दोन वेळा, वसंत आणि नोव्हेंबर. वसंतात रस्ते चिखलाचे असतात, पण समुद्र बरा असतो. तरी मी तुला आत्ता जा म्हणणार नाही. काँग्रेसचं सत्र उन्हाळ्याच्या तोंडावर संपतं, छपाईचं काम मंदावतं आणि नेमका तेव्हा तू नवा, बेकार आणि साथीच्या महिन्यांसमोर उभा असशील. पळायची वेळ आली तर आसऱ्याला गावाबाहेर ओळखीचं कुणी नसेल.

नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा धर. राज्यघटनेप्रमाणे काँग्रेस डिसेंबरच्या पहिल्या सोमवारी भरते, यंदा ५ तारखेला. त्याआधी छापखान्यांना माणसं हवी असतात. दहिवर पडून गेलेलं असतं. डेलावेअर नदी अजून गोठलेली नसते, त्यामुळे सामानाची बोट गावापर्यंत येते. तोटा एकच, त्या महिन्यात किनाऱ्यावर वादळं होतात. त्याची सोय पुढे सांगतो.

एप्रिल ते ऑक्टोबर: पत्रं आणि कागद

बेंजामिन फ्रँकलिन १७२३ मध्ये सतरा वर्षांचे असताना तुझ्याच बोस्टनमधून पळाले. न्यूयॉर्कला विल्यम ब्रॅडफर्ड या मुद्रकाकडे गेले. त्याने सांगितलं की माझ्याकडे काम नाही, पण फिलाडेल्फियात माझ्या मुलाचा मुख्य कारागीर नुकताच वारलाय, तिथे जा. त्या एका वाक्यावर ते निघाले आणि खिशात एक डच डॉलर व थोडी तांब्याची नाणी घेऊन पोचले. लोक ही गोष्ट धाडसाची म्हणून सांगतात. मला तिच्यात ब्रॅडफर्डचं वाक्य मोलाचं वाटतं. कुठल्या दुकानात जागा रिकामी आहे हे सांगणारा माणूस भेटला, म्हणून तो प्रवास फळला. तुझ्यामागे कुटुंब आहे, तेव्हा ते वाक्य तू निघण्याआधीच मिळव.

त्यासाठी तुझ्या मालकाकडून किमान तीन शिफारसपत्रं घे आणि प्रत्येक पत्र एखाद्या नावाच्या माणसाला उद्देशून असू दे. ‘ज्याच्याशी संबंध असेल त्यास’ अशा पत्राला कुणी विचारत नाही. फिलाडेल्फियाच्या मुद्रकांचे पत्ते शहराच्या निर्देशिकेत मिळतील. निर्देशिका बोस्टनच्या एखाद्या व्यापाऱ्याकडे किंवा पुस्तकविक्रेत्याकडे पाहायला मिळेल. टपाल महाग आहे. १७९२ च्या कायद्याने एवढ्या अंतराला एका कागदाचे २० सेंटच्या आसपास पडतात, दोन कागद झाले की दुप्पट. शिवाय पैसे बहुधा पत्र घेणाराच देतो. म्हणून अनोळखी मुद्रकाला लिहिताना एकाच कागदात आटप आणि टपालखर्च आधीच भर. स्वतःच्या खर्चाने आलेल्या पत्रावर माणूस चिडून बसला तर तुझं काम बिघडलंच.

चर्चचं पत्र विसरू नकोस. तुझ्या मंडळीकडून चांगल्या वर्तनाचं पत्र घेतलंस की तिथल्या मंडळीत पहिल्याच रविवारी तुझी ओळख होईल. क्वेकर असशील तर मासिक सभेकडून स्थलांतराचा दाखला घ्यावाच लागेल. फ्रीमेसन या बंधुसंघाचा सभासद असशील तर तुझ्या लॉजचा, म्हणजे शाखेचा, दाखला घे.

आणखी एक कागद बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. गरिबांच्या मदतीचा भार त्या त्या गावावर असतो, त्यामुळे नवखा माणूस उद्या आपल्या गळ्यात पडेल का, अशी प्रत्येक गावाला धास्ती असते. तुमच्या मॅसॅच्युसेट्समध्ये परवापरवापर्यंत आलेल्या माणसाला रीतसर ‘निघून जा’ अशी सूचना देत, ती यासाठीच. पेनसिल्व्हेनियात ठरावीक भाड्याची जागा घेऊन वर्षभर राहिलास की तुला तिथला वास्तव्याचा हक्क मिळतो. तोवर बोस्टनच्या गरीब-रक्षकांकडून ‘हा आमच्या गावचा आहे’ असं लिहून घेतलेलं बरं. आजारपण कुणाला सांगून येत नाही.

आणि निघण्यापूर्वी सगळी देणी फेड. कर्ज थकवून निघालेल्या माणसावर धनको वॉरंट काढतो आणि कर्जापायी तुरुंग होतो. बोस्टनच्या वर्तमानपत्रात ‘अमुक तारखेला शहर सोडत आहे, ज्यांचं येणं-देणं असेल त्यांनी भेटावं’ अशी दोन ओळींची जाहिरात दे. इथे तशी रीतच आहे.

हाच मित्र कृष्णवर्णी असता तर

तर सल्ल्याचा क्रमच बदलला असता, आणि हा भाग सगळ्यात आधी आला असता. मॅसॅच्युसेट्समध्ये गुलामगिरी संपली आहे. पेनसिल्व्हेनियाने १७८० मध्ये ती हळूहळू संपवण्याचा कायदा केला. पण मधल्या न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत ती अजून कायदेशीर आहे. फेब्रुवारी १७९३ च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याने तर कुणीही मालक किंवा त्याचा माणूस एखाद्याला धरून न्यायाधीशापुढे उभा करू शकतो. तोंडी साक्ष पुरते, ज्युरी नसते.

अशा मित्राने स्वातंत्र्याचा दाखला न्यायाधीशासमोर करून घ्यावा, त्यावर दोन प्रतिष्ठित गोऱ्या माणसांच्या सह्या घ्याव्यात आणि एक प्रत बोस्टनमध्येच विश्वासू माणसाकडे ठेवावी. रस्त्याने न जाता थेट फिलाडेल्फियाच्या जहाजाने जावं, पण कप्तान ओळखीचाच हवा. १७८८ मध्ये बोस्टनच्याच तीन स्वतंत्र कृष्णवर्णीयांना कामाच्या मिषाने जहाजावर बोलावून वेस्ट इंडीजला विकायला नेलं होतं. बोस्टनच्या कृष्णवर्णीय फ्रीमेसनांचे पुढारी प्रिन्स हॉल आणि त्यांच्या लॉजने अर्ज-विनंत्या केल्या, राज्यपालांनी पत्रं लिहिली, तेव्हा ते परत आले. म्हणून हॉल यांच्या आफ्रिकन लॉजचं पत्र सोबत असावं. फिलाडेल्फियात उतरल्यावर आधी ॲब्सलम जोन्स किंवा रिचर्ड ॲलन यांच्या चर्चमध्ये जाऊन भेटावं. दोन्ही चर्चेस १७९४ मध्ये उघडली आहेत, आणि साथीत मेलेल्यांना उचलायला हीच मंडळी पुढे होती. पेनसिल्व्हेनियाच्या गुलामगिरीविरोधी संस्थेचे वकील कुठे बसतात, हेही त्याच दिवशी विचारून घ्यावं.

पैसा: शिलिंग शिलिंगात फरक आहे

देश एक झाला, डॉलरचा कायदा १७९२ मध्ये आला, टांकसाळ फिलाडेल्फियातच आहे. पण बाजारातले लोक अजून पौंड-शिलिंगातच बोलतात आणि प्रत्येक राज्याचा शिलिंग वेगळा आहे. स्पॅनिश डॉलर, म्हणजे सगळीकडे चालणारं चांदीचं नाणं, एकच. त्याचे बोस्टनमध्ये ६ शिलिंग, फिलाडेल्फियात साडेसात, न्यूयॉर्कमध्ये ८.

म्हणजे फिलाडेल्फियात घरमालक वर्षाला ३० पौंड म्हणाला, तर ते ८० डॉलर. तू बोस्टनच्या हिशेबाने १०० डॉलर समजशील आणि परवडत नाही म्हणून चांगलं घर सोडशील. मजुरीच्या बाबतीत उलटं होईल. तिथला मालक ४५ शिलिंग देतो म्हणाला की तुला साडेसात डॉलर वाटतील, प्रत्यक्षात हातात ६ पडतील. बोलणी करताना प्रत्येक वेळी विचार, ‘स्पॅनिश डॉलर किती?’ लिहूनही डॉलरमध्येच घे.

सगळी रोकड अंगावर घेऊन निघू नकोस. वाटखर्चाला चांदी ठेव. बाकी रकमेची बोस्टनच्या एखाद्या खात्रीच्या व्यापाऱ्याकडून फिलाडेल्फियाच्या व्यापाऱ्यावर दर्शनी हुंडी, म्हणजे दाखवताच पैसे मिळणारी चिठ्ठी, घे. बँक ऑफ द युनायटेड स्टेट्सची शाखा १७९२ पासून बोस्टनमध्ये आहे आणि मुख्य कचेरी फिलाडेल्फियात, तिथेही चौकशी कर. बड्या जमीन-सटोडियांच्या सहीच्या चिठ्ठ्या मात्र कुणी कितीही सवलतीत देऊ केल्या तरी घेऊ नकोस. रॉबर्ट मॉरिस यांच्यासारख्या माणसाचा कागदही आता दर्शनी किमतीला कुणी घेत नाही.

माणसं रस्त्याने, सामान समुद्राने

टपालगाडीच्या मार्गावर बोस्टन ते न्यूयॉर्कला जवळपास आठवडा धर. पहाटे तीनला उठवतात, रात्री दहाला खाणावळीत टेकवतात, आणि एका खाटेवर अनोळखी माणसासोबत झोपावं लागतं. गाडीत बसायला नुसती बाकं असतात, चढायला समोरूनच वाट. मागच्या बाकापर्यंत जायला सगळी बाकं ओलांडावी लागतात, तरी बायको-मुलांना तिथेच बसव, कारण टेकायला पाठ फक्त त्याच बाकाला मिळते. खड्ड्यात गाडी कलली की गाडीवान ओरडतो आणि सगळ्यांनी दुसऱ्या अंगाला झुकायचं असतं.

मुलं लहान असतील तर सोपी वाट घे. बोस्टनहून प्रॉव्हिडन्सपर्यंत गाडी, आणि पुढे लाँग आयलंडच्या खाडीतून न्यूयॉर्कला जाणारी पॅकेट बोट, म्हणजे उतारू आणि टपाल नेणारं शिडाचं जहाज. वारा धरला तर दोन-तीन दिवसांत पोचाल, पडला तर तिथेच लोळत पडाल, म्हणून आठवड्याभराचा शिधा जवळ ठेव. केप कॉडला घातलेला वळसा यात वाचतो, आणि नोव्हेंबरात तोच पट्टा वाईट.

न्यूयॉर्कहून पाउलस हुकची होडी धरून न्यू जर्सीत उतर. हॅकेनसॅक आणि पसेइक नद्यांवर गेल्या वर्षी पूल झाले, त्यामुळे ती कटकट गेली. पुढे न्यू ब्रन्सविक, प्रिन्स्टन, ट्रेंटन. डेलावेअर अजून होडीनेच ओलांडावी लागते. दीड-दोन दिवसांत फिलाडेल्फिया.

गाडीत माणशी १४ पौंड सामान फुकट नेता येतं, म्हणजे जेमतेम साडेसहा किलो. १५० पौंड नेलंस तर एका माणसाचं पूर्ण भाडं. तेव्हा घरसामान गाडीने न्यायचा विचारच सोड. ते ऑक्टोबरअखेर थेट फिलाडेल्फियाला जाणाऱ्या स्लूप किंवा स्कूनरवर, म्हणजे शिडाच्या लहान जहाजावर, चढव. कप्तानाकडून नगवार पावती घे, आणि पिंपांवर-पेट्यांवर नाव रंगवून घे, कारण कागदाची चिठ्ठी खाऱ्या हवेत टिकत नाही. सामान मोलाचं असेल तर त्याचा विमाही उतरवता येतो. फिलाडेल्फियाची इन्शुरन्स कंपनी ऑफ नॉर्थ अमेरिका १७९२ पासून समुद्री विमा करते.

काय न्यायचं? पिसांच्या गाद्या, बिछाने, लोखंडी भांडी, कपडे, हत्यारं, तुझी जुळणीची पट्टी. मेज, कपाटं, जड पलंग लिलावात विकून टाक. बंदूक असेल तर ने. १७९२ च्या कायद्याने १८ ते ४५ वयाच्या गोऱ्या पुरुषाला मिलिशियात, म्हणजे नागरिकांच्या फौजेत, नाव घालून सहा महिन्यांत स्वतःची बंदूक आणावीच लागते. मुलांना देवीचं टोचून झालं नसेल तर उन्हाळ्यात उरकून घे. १७९२ च्या साथीत बोस्टनने हजारोंना टोचलं होतं, तेव्हा जाणकार डॉक्टर तिथे आहेत. टोचल्यावर मूल काही आठवडे आजारी असतं आणि इतरांना लागण करू शकतं, म्हणून हे निघायच्या तोंडावर नको.

पोचल्यावर

पहिले दोन आठवडे बोर्डिंगमध्ये काढ, जागा स्वतः फिरून बघ. रस्ते सरळ आहेत. नदीला समांतर ते आकड्यांचे, नदीकडून वर जाणारे झाडांच्या नावांचे: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. नदीलगतचा वॉटर स्ट्रीट आणि फ्रंट स्ट्रीट स्वस्त दिसतील, पण १७९३ चा ताप तिथूनच पसरला. चौथ्या रस्त्याच्या पश्चिमेला एखाद्या गल्लीतलं लहान घर घे. छापखाने तिथून पायी गाठता येतात. भाडेकरार एका वर्षाचाच कर. १८०० मध्ये सरकार गेल्यावर भाडी काय होतील याचा भरवसा नाही, आणि घर विकत घेण्याची तर ही वेळच नव्हे.

घर मिळालं त्याच दिवशी जळण भर. लाकूड कॉर्डच्या मापाने मिळतं: ८ फूट लांब, ४ रुंद, ४ उंच रास. मापताना समोर उभा राहा, विरळ रचून फसवतात. नदी गोठली की लाकडाच्या बोटी थांबतात आणि भाव भडकतात. बाजाराचे दिवस बुधवार आणि शनिवार, हाय स्ट्रीटवरच्या लांब छपराखाली. पाणी रस्त्यावरच्या पंपाचं. संडासांपासून दूरचा पंप शोध.

दारापाशी पावसाच्या पाण्याचं पिंप असेल तर त्यात चमचाभर तेल ओत. १७९३ च्या ऑगस्टमध्ये, साथ पसरत असतानाच, डनलॅपच्या वर्तमानपत्रात एका निनावी पत्राने डास मारायला हाच उपाय सुचवला होता. तापाशी त्याचा संबंध तेव्हा कुणी लावला नाही. आज आपल्याला माहीत आहे की तो ताप डासांनीच पसरायचा, आणि तो उपाय घराघरात झाला असता तर काय झालं असतं, या विचाराने मी नेहमी थांबतो.

दर महिन्याच्या मजुरीतून थोडी चांदी बाजूला काढून ठेव. जुलैपासून वर्तमानपत्रातली आरोग्याची बातमी रोज वाच. धक्क्यालगतच्या गल्ल्यांत पीतज्वराचे रोगी निघाले की कामाची, भाड्याची पर्वा न करता जर्मनटाउन किंवा त्याच्या पुढच्या शेतावर निघून जा. त्यासाठी हिवाळ्यातच एखाद्या शेतकऱ्याशी, बाजारात भाजी विकणाऱ्याशीसुद्धा, बोलून ठेव.

नव्या निर्देशिकेसाठी कुणी नाव विचारायला आला तर धंद्यासकट लिहून दे. कराची पावती जपून ठेव. मॅसॅच्युसेट्समध्ये मताला ६० पौंडांची मालमत्ता किंवा ३ पौंडांच्या उत्पन्नाची जमीन लागते, आणि तुझ्यासारखे कितीतरी कारागीर त्यामुळे बाहेर राहतात. पेनसिल्व्हेनियात २१ वर्षांच्या स्वतंत्र पुरुषाने राज्यात दोन वर्षं राहून कर भरला की तो मतदार होतो. १७९८ च्या शेवटी तू तिथला मतदार असशील.

काँग्रेसचं सत्र ३ मार्च १७९७ ला संपेल. तोवर एखाद्या मालकाने उन्हाळ्यातही ठेवीन असं स्पष्ट सांगितलं नसेल, तर मार्चमध्येच बाल्टिमोरच्या छापखान्यांना पत्रं टाक. गाव शंभर मैलांवर आहे, झपाट्याने वाढतंय, आणि तिथेही डॉलरचे शिलिंग साडेसातच धरतात.